लाल पिशवीतली विजार

माणसाला टेम्पो चालवता येत असताना त्याने हातगाडी का ढकलावी, हे लाँड्रीच्या मालकिणीला कुणीतरी समजावून सांगावं. दारात धडधाकट टेम्पो उभा. चाकांत हवा, टाकीत तेल, मागे चादरींचे गठ्ठे रचायला फळ्या ठोकलेल्या. आणि घरचे जावई भर रस्त्यातून हातगाडी ढकलत चाललेत, तेही मान खाली घालून, पाय फाकवून, सावकाश, जसं काही गाडीवर चादरी नसून काचेची भांडी आहेत. तीन आठवडे हेच चाललं होतं. टेम्पोच्या काचेवर एवढी धूळ साचली की कुणीतरी येताजाता त्यावर बोटाने 'मला धुवा' असं लिहून ठेवलं. लाँड्रीच्या टेम्पोवर! तिची शाळा दुसरीतच सुटली होती, पण तेवढी अक्षरं तिला लागली, आणि चांगलीच लागली.

"जावईबापूंना विचार जरा," ती मुलीला म्हणाली, "टेम्पोने त्यांचं काय घोडं मारलंय?"

मुलगी काउंटरवर पावत्या लावत होती. तिने मान वर केली नाही. "चालणं चांगलं असतं म्हणतात, आई."

"मग रिकाम्या हाताने चालावं. पन्नास चादरी घेऊन कुणी हवा खायला जातं का?"

जेवताना आणखी वेगळी तऱ्हा. खुर्ची मांडलेली, ताट वाढलेलं, आणि हे ताट उचलून खिडकीशी उभे. रस्त्याकडे बघत चार घास खायचे आणि निघायचे. "पाय मोकळे होतात," म्हणे. सकाळी संडासात गेले की तासभर बाहेर नाहीत. बाहेर आले की चेहरा पिळून काढलेल्या फडक्यासारखा. तिने दोनदा दारावर थाप मारून विचारलं, "झोप लागली की काय?" तिने काय समजायचं? माणसाला घरात बसवत नाही, टेम्पोत बसवत नाही, सासूसमोर बसवत नाही. एक तर माणूस माजलाय, नाहीतर कंटाळलाय. ह्यातलं काय ते तिला कळत नव्हतं आणि न कळणं हे तिला कधीच मानवलं नव्हतं.

लाँड्री तिची होती. नवरा गेला तेव्हा पदरात चार वर्षांची मुलगी, एक लोखंडी टब आणि परसातली एक दोरी एवढंच होतं. त्यातून तिने हे उभं केलं. आता पुढे काउंटर, मागे चार सिमेंटचे हौद, त्यामागे माणूस उभा राहील एवढा धुलाईचा ड्रम, आणि कोपऱ्यात बॉयलर. बॉयलर दुरुस्त करायला एक मेकॅनिक आला होता. दोन दिवसांचं काम त्याने आठ दिवस पुरवलं. नववा दिवस उजाडला तेव्हा मुलीने सांगितलं की बॉयलर केव्हाच दुरुस्त झालाय. तो मेकॅनिक म्हणजेच हे जावई. माणूस कमी बोलणारा, हाताला चांगला. लग्नानंतर दोघं इथेच राहिली. बारा वर्षांत तिला त्याच्यात खोट काढायला जागा मिळाली नव्हती. ह्या दोन महिन्यांत मात्र मिळत होती, रोज आणि ढिगाने.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे लाल पिशव्या.

रोज संध्याकाळी हॉस्पिटलची गाडी कपडे टाकून जायची. साधे कपडे निळ्या पिशवीत, रक्ताबिक्ताचे लाल पिशवीत. लाल पिशवी उघडायचं काम तिचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवायचे, एकेक कपडा उलगडून बघायचा आणि आधी गार पाण्यात सोडायचा. घाईघाईत कुणी गरम पाणी लावलं की रक्ताचा डाग कायमचा बसला. तिचा ह्या बाबतीत कुणावर विश्वास नव्हता. आणि हे जावई दोन महिने झाले, भल्या पहाटे उठून, ती खाली उतरायच्या आधीच लाल पिशव्या मोकळ्या करून ठेवत होते. हौद भरलेले, कपडे बुडालेले, वर फेस.

"तुम्हाला आराम म्हणून," ते म्हणाले होते.

आराम! तिने मागितला होता का? घरातल्या म्हातारीला आराम द्यायला लागले की समजावं, खुर्चीवर डोळा आहे.

त्या दिवशी मात्र जावयांना पहाटे उठवलं नाही. अंगात कणकण होती. आठ वाजता डोळे लाल करून खाली आले, हातगाडी भरली आणि मुलगी नको नको म्हणत असताना निघून गेले. तिने समाधानाने हातमोजे चढवले. दोन महिन्यांनी तिची पिशवी तिला परत मिळाली होती.

पाच चादरी, तीन टॉवेल, ऑपरेशनचे हिरवे झगे. प्रत्येकाच्या काठाला दोन हिरवे टाके. ही तिचीच पद्धत. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाचा दोरा ठरलेला, हॉस्पिटलचा हिरवा, हॉटेलचा निळा. कपडा कितीही मळो, विरो, फाटो, दोरा बघितला की घर कळतं. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, घट्ट गुंडाळी केलेली एक पांढरी विजार निघाली. पुरुषाची. नाडीची. तिने उलगडली. मागच्या बाजूला पिवळट-तांबूस डाग, तळहाताएवढा. काठ बघितला. हिरवा टाका नाही. कसलाच टाका नाही.

"ए बाई," तिने घडीवालीला हाक मारली. घडीवाली म्हणजे कपड्यांच्या घड्या घालायला ठेवलेली बाई, आठ वर्षांची जुनी. "ही कुणाची?"

घडीवालीने लांबूनच पाहिलं. "हॉस्पिटलचीच की मालकीणबाई. मागच्या महिन्यात पण निघाल्या होत्या चार-पाच. मी विचारलं तर साहेब म्हणाले, हॉस्पिटलच्या आहेत, टाक."

"बिनटाक्याच्या?"

"आता साहेब म्हणाले म्हटल्यावर…"

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हॉस्पिटलचे वॉर्डबॉय आपले घरचे कपडे लाल पिशवीत सरकवून फुकटात धुऊन घेतात! आणि आमचे जावई भिडेखातर मुकाट्याने धुऊन देतात! पहाटे उठून! सासूला कळू नये म्हणून! सगळ्याचा उलगडा झाला. तिला इतकं बरं वाटलं की रागही मजेत आला.

तिने ठेवणीतले, कडक इस्त्रीचे कपडे घातले. विजार प्लास्टिकच्या थैलीत घातली. मुलगी म्हणाली, "आई, कुठे?" ती म्हणाली, "चोर पकडायला," आणि निघाली.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कपड्यांची खोली होती. तिथली सिस्टर पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा, आवाजाला धार. दोघींची पंधरा वर्षांची ओळख आणि पंधरा वर्षांचं भांडण. कधी उशीचे अभ्रे कमी, कधी झग्याच्या नाड्या तुटलेल्या. खोलीत दोन वॉर्डबॉय, एक शिकाऊ नर्स आणि औषधाची चिठ्ठी घेऊन चुकून आलेला कुणाचा तरी नातेवाईक, एवढी माणसं होती. तिला तेवढी पुरेशी वाटली.

"सिस्टर," तिने थैली टेबलावर ठेवली, "तुमच्याकडच्या लोकांना सांगून ठेवा. लाँड्री हॉस्पिटलच्या कपड्यांसाठी आहे. ह्यांच्या घरच्या विजारी धुवायला मी बसलेली नाही."

वॉर्डबॉय एकमेकांकडे बघून हसायला लागले. "मावशी, आमचं नाव कशाला?"

"नाव मी घेतलं का? खाई त्याला खवखवे."

सिस्टरने हातमोजे घातले, विजार बाहेर काढली आणि उलटी करून उजेडात धरली. तिने असं एखाद्या कपड्याकडे बघावं हे मालकिणीला आवडलं. बघणारी बाई होती ती.

"ही आमची नाही," सिस्टर म्हणाली. "आमच्या विजारींना नाडी नसते. पेशंटना इलॅस्टिकच्या विजारी असतात, तुम्हीच धुता."

"मी तरी तेच म्हणतेय! घरची आहे."

"आणि ह्या दोघांची पण नाही. ही ज्याची आहे तो असा हसत उभा राहू शकणार नाही." सिस्टरने चष्मा नाकावर सरकवला आणि आवाज खाली आणला. "हे नुसतं रक्त नाही, बाई. पू आहे. बसायच्या जागेजवळ गळू होऊन फुटत असणार. पुन्हा भरत असणार, पुन्हा फुटत असणार. ज्याची असेल त्याला म्हणावं, आजच्या आज ये. ताप असेल तर चालत येऊ नको, उचलून आणा."

ताप हा शब्द तिच्या कानात अडकला.

तिने विजार जवळ ओढली. हातमोज्यांशिवायच. खालची दुमड पाहिली. तीन टाके बारीक, चौथा लांब. तीन बारीक, चौथा लांब. ही टीप तिने शंभरदा उसवून पुन्हा घालायला लावली होती, फूटपट्टी उगारून. 'लंगड्याची चाल' म्हणायची ती त्या टिपेला. मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हापासून तीच टीप घालत होती आणि अजूनही सुधारली नव्हती.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "चुकून आले."

पंधरा वर्षांत तिने त्या खोलीत ते दोन शब्द पहिल्यांदा उच्चारले. वॉर्डबॉयनी वाट सोडली. चिठ्ठीवाला नातेवाईक सहानुभूतीने बघत होता, त्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

लाँड्रीत परतताच मुलीला काउंटरच्या आत ओढून तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

मुलगी आधी काहीतरी लपवायला गेली, मग आईच्या हातातली थैली बघून तिचा धीर सुटला. "मूळव्याध आहे म्हणतात. आधी पोट बिघडलं, रोज आठ-दहा वेळा जायला लागले. मग तिथे दुखायला लागलं. बसवत नाही, आई. रात्री पालथे झोपतात. उद्या सकाळी त्या माणसाकडे जायचंय, स्टँडमागे पाटी आहे बघ, 'मूळव्याध एका दिवसात'. पडद्यामागे कापून देतो म्हणे, लगेच घरी."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"तुला सांगायची सोय ठेवलीयेस का तू?"

हे उत्तर मुलीने पहिल्यांदाच दिलं होतं, आणि देऊन ती स्वतःच घाबरली.

जावई दुपारी परतले. हातगाडी टेकवून भिंतीला खांदा लावून उभे राहिले. कपाळावर घाम, ओठ कोरडे. तिने घडीवालीला लवकर जेवायला पाठवलं, त्यांना मागे बोलावलं आणि ड्रम सुरू केला. रिकामा. वीज वाया जाते म्हणून तिने आयुष्यात कधी रिकामा ड्रम फिरवला नव्हता. तो फिरायला लागला की शेजारी बॉम्ब फुटला तरी ऐकू येत नसे. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे.

"ही विजार तुमची," ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

जावयांनी थैलीकडे पाहिलंच नाही. "हॉस्पिटलची असेल."

"हॉस्पिटलात जाऊन आले. चार माणसांत तोंडावर आपटून आले. तुमची आहे."

"आई, हा काय विषय आहे का? सासूने जावयाची…"

"पस्तीस वर्षं मी सगळ्या गावाच्या बसायच्या जागा धुतेय. तुमची काय सोन्याची घडवलीय?"

"मूळव्याध आहे. उद्या काढून टाकतो. परवा टेम्पोवर."

"सिस्टर म्हणते, पू आहे."

"हळू बोला!"

"म्हणून तर ड्रम लावलाय!"

जावई ओलसर भिंतीकडे वळले. ते बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज चढला होता, आणि तो ड्रममुळेच चढला होता असं तिला म्हणता येईना.

"तुम्हीच सांगितलं होतं. ह्याच जागी. पाच वर्षांपूर्वी तो आतड्याचा आजार निघाला, मोठ्या आतड्याला आतून जखमा, रक्त पडतंय, जन्मभर औषध. मी रिपोर्ट घेऊन आलो, ह्या हौदाशी उभा होतो. तुम्ही काय म्हणालात, आठवतं? 'लाँड्रीच्या घरात असला आजार! कळलं तर कोण टाकेल इथे कपडे? बाहेर ॲसिडिटी म्हणायचं.' पाच वर्षं ॲसिडिटी म्हणतोय मी. डॉक्टरांकडे जाताना बँकेत जातो म्हणतो. मग गोळ्याच बंद केल्या. बरं वाटत होतं, आणि ॲसिडिटीला कोण एवढ्या गोळ्या घेतं?"

तिला आठवत होतं. शब्दन् शब्द. आजाराचं ते लांबलचक नाव तिला म्हणता येत नव्हतं, त्यापेक्षा ॲसिडिटी सोपं वाटलं होतं. सोपं आणि स्वच्छ. आपण घरावर आलेलं संकट मोठ्या हुशारीने परतवलं, असंही तेव्हा वाटलं होतं.

ड्रम फिरत राहिला. तिला काही बोलायचं होतं आणि ते तिला येत नव्हतं. सवयच नव्हती. म्हणून तिने जे येत होतं ते केलं.

"टेम्पोत बसा."

"बसता येत नाही, आई. तेच सांगतोय."

"मग झोपा!"

मागच्या फळीवर हॉटेलच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे रचलेले होते, संध्याकाळी पोचवायचे. तिने त्यांची गादी केली. जावई त्यावर पालथे पडले. मुलगी टेम्पो चालवायला बसली. तिला नीट येत नव्हता, खड्डा आला की मागून "अगं!" ऐकू यायचं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने वाकून पाहिलं. मालकिणीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो वजनकाटा पुसायला लागला.

सिस्टरने त्यांना थेट आत घेतलं. विजार कुणाची ते तिला आधीच कळलं असावं. शस्त्रक्रिया करणारी डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलण्यात ना लाज ना घाई.

"मूळव्याध नाही हे," ती म्हणाली. "आत गळू आहे, आणि तिथून बाहेर कातडीपर्यंत एक बोगदा तयार झालाय. भगंदर. आज पू काढावा लागेल. आणि बोगद्यातून एक सैल दोरा ओवून ठेवू."

"कुठल्या रंगाचा?" मालकिणीच्या तोंडून निघून गेलं.

पालथे पडलेले जावई हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. हसल्यामुळे दुखलं, आणि दुखल्यावरही थोडे हसत राहिले.

"रंग कुठलाही असो," डॉक्टरीणबाई म्हणाली, "काम एकच. वरचं भोक बुजलं आणि पू आत राहिला तर पुन्हा गळू. दोरा असला की वाट उघडी राहते."

"हौदाचं बूच काढून ठेवल्यासारखं."

"अगदी तसंच. काही महिने ठेवावा लागेल. पण खरं दुखणं वर आहे, आतड्यात. ते शांत झाल्याशिवाय खालची जखम भरणार नाही. पोटाच्या डॉक्टरांना मी आजच बोलावते. ह्या आजारात भगंदर तसं कमी दिसतं, त्यामुळे पुन्हा सगळं तपासू, आजार तोच आहे की त्याचा भाऊबंद. औषधं बदलतील. औषधांना दाद दिली नाही तर पुढे आतड्याचं ऑपरेशनही लागू शकतं. मी आत्ताच सांगते, नंतर धक्का नको. गोळ्या कधी बंद केल्या?"

"आठ महिने झाले. बरं वाटत होतं," जावई उशीत म्हणाले.

"बॉयलर विझवल्यावरही पाणी थोडा वेळ गरमच असतं!" मालकीण कडाडली. "तुम्ही मेकॅनिक ना?"

"उद्या एका दिवसात बरं करणाऱ्याकडे जाणार होते," मुलीने हळूच सांगितलं.

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "हा आजार भडकलेला असताना तिथे कापलं असतं तर ती जखम भरलीच नसती. शौचावरचा ताबाही गेला असता कदाचित. कायमचा." तिने पुन्हा पेन उचललं. "सही कोण करतंय?"

सही मुलीने केली. मालकीण मात्र बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. दोन माणसं तिला जागा देण्यासाठी सरकली. उद्या सकाळी जावई पडद्यामागे गेले असते. आणि संध्याकाळी तिने विचारलं असतं, आज टेम्पो का नाही काढला.

पाच दिवसांनी जावई घरी आले. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं होतं. पाणी तीच काढून द्यायची, कोपर बुडवून बघायची आणि दार लावून घ्यायची. जावई आतून म्हणत, "आई, मी घेतलं असतं." ती बाहेरून म्हणे, "तुम्ही बॉयलर बघा, पाणी मी बघते." दोऱ्याच्या वाटेने थोडं थोडं रोज येतच राहायचं, कपड्यांना लागायचं. त्याला आता इलाज नव्हता, आणि ते वाईट लक्षणही नव्हतं. नवीन औषधाने पोट मात्र हळूहळू वळणावर येत होतं. दिवसातल्या दहा खेपांच्या सहा झाल्या, सहाच्या चार.

तरीही जावयांची ती सवय सुटेना. कपड्याला लागलं की गुंडाळी करायची, उशीखाली, बादलीमागे, कुठे म्हणून नाही. ती एकेक गुंडाळी शोधून काढायची आणि बडबडायची, आणि गुंडाळ्या संपत नव्हत्या. लहान मूल परवडलं, असं ती घडीवालीला म्हणाली. मुलाला निदान एकदा सांगून कळतं.

पुढच्या आठवड्यात हॉटेलचे मॅनेजर स्वतः आले. बारीक मिशी, हातात कसलीतरी फाईल. एरवी ते माणूस पाठवत.

"मावशी, एक ऐकलं ते खरं का?" काउंटरवर अजून दोन गिऱ्हाइकं होती, म्हणून ते जरा वाकून बोलले. "जावईसाहेब म्हणे आमच्या चादरींवर पालथे पडून हॉस्पिटलात गेले. झालंय काय त्यांना?"

मुलीचा हात पावतीवर थांबला. मागच्या दारात जावई उभे होते, नुकतेच टबातून उठलेले, हातात ओल्या विजारीची गुंडाळी. तेही थांबले. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पाच वर्षं पाठ होतं. तिच्या जिभेवरही ते आलेलंच होतं.

"आतड्याचा आजार आहे," ती म्हणाली. "जुना. त्यातून बसायच्या जागेला भगंदर झालं. ऑपरेशन केलं, दोरा ठेवलाय."

मॅनेजर जरा मागे सरले. "अच्छा. आणि… ते कपडे वगैरे…"

"इथेच धुतो. वेगळ्या हौदात, वेगळ्या पाण्यात. हॉस्पिटलचे धुतो तसेच. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, डॉक्टरीणबाईला विचारून घ्या. तुमच्या त्या चादरी मी दोनदा उकळून दिल्या. नसत्या दिल्या तरी चाललं असतं, पण दिल्या."

"नाही नाही, आमचं काही नाही हो, मावशी. पण पाहुणे… वर विचारून बघतो."

"बघा."

वर काय विचारलं ते त्यांनाच ठाऊक. त्या दिवसापासून हॉटेलच्या पिशव्या आल्या नाहीत. चार दिवस तिने वाट पाहिली, पाचव्या दिवशी निळ्या दोऱ्याचं रीळ खणात टाकलं आणि खण लावला. मॅनेजर आले तेव्हा काउंटरवर असलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक बाई मात्र दुसऱ्या दिवशी एकटीच आली, काउंटरवर उगाच घुटमळली आणि मुलीला विचारून गेली की ती डॉक्टरीणबाई कुठल्या वारी असते.

पण ते पुढे. त्या दिवशी मॅनेजरची पाठ वळली आणि जावई पुढे आले. इतके चिडलेले तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सगळ्या जगाला सांगायची काय गरज होती? आधी पाच वर्षं तोंड शिवून ठेवलंत, आता काउंटरवरून पुकारा करताय! माझं शरीर आहे, आई! मला विचारलंत?"

"नाही विचारलं."

"गेलं ना गिऱ्हाईक?"

"जाईना."

"मग काय मिळालं?"

मुलगी म्हणाली, "अहो, राहू द्या ना," पण दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. काउंटरसमोरचे दोघं कपड्यांची थैली पोटाशी धरून निघायचं विसरून उभे होते.

जावयांच्या मुठीतून पाणी गळत होतं. विजारीची गुंडाळी त्यांनी पाठीमागे धरली होती. एवढं भांडत असतानाही, सगळं सांगून झाल्यावरही. तिने पुढे होऊन ती त्यांच्या हातातून घेतली. ते सोडत नव्हते, तिने ओढून घेतली. दोन्ही हातांनी झटकली, तेव्हा थेंब काउंटरवर उडाले. मग रस्त्याकडच्या दोरीवर, घरच्या आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या ओळीत, दोन चिमटे लावून ती सरळ वाळत घातली. डाग पूर्ण गेलेला नव्हता. दुसऱ्या धुण्यात जाणारा होता.

मग ती वळली. आवाज नेहमीचाच होता, रस्त्यापर्यंत जाणारा.

"जावईबापू, लपवायचं काम तुम्हाला जमत नाही, ते सोडून द्या. आणि लपवा म्हणून सांगणारी मी तर तुमच्याहून बिनडोक. आता आत जा आणि गोळी घ्या. माझ्यासमोर."